शिडाची जुनी होडी घेताय? आधी नदी बघा, मग ट्रेलर, होडी शेवटी

पावसाळा सरला की पेडणे तालुक्याच्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकलेल्या होड्या बाहेर निघतात. त्याच सुमारास मोबाईलवर फोटो फिरू लागतात. ट्रेलरवर चढवलेली पांढरी शिडाची होडी, आत दोघातिघांना झोपता येईल एवढी केबिन, खाली ओळ: ‘कंडिशन उत्तम’. सावंतवाडी, दोडामार्ग, बेळगावच्या नोकरदाराला किंवा दुकानदाराला मोह पडतोच. शुक्रवारी संध्याकाळी गाडीमागे होडी जोडायची, दोन दिवस तेरेखोल नाहीतर शापोरा नदीत काढायचे आणि सोमवारी दुकान उघडायचं.

नवी होडी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. मौजेच्या होड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झालाय. धंदा न करणारा माणूस स्वतःची वापरलेली होडी विकतो तेव्हा हा कर लागत नाही, म्हणून जुन्याकडे ओढा. पण अशा होड्यांचा बाजार आपल्याकडे फार लहान. दहा बघून एक निवडावी अशी सोय नाही. एकच दिसते, आवडते आणि इसार दिला जातो. मग पहिल्या उधाणाला कळतं की होडी चांगली आहे, पण आपल्या नदीची नाही.

नदीचं माप आधी

तेरेखोल आणि शापोरा, दोन्ही नद्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे आणि तो दरवर्षी थोडा सरकतो. उधाणाला भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटर पडतो, भांगाला बराच कमी. म्हणजे सकाळी जिथून सहज बाहेर पडलात, तिथेच दुपारी तळ टेकू शकतो. शिवाय हिवाळ्यात पहाटेचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि दुपारनंतर समुद्रावरून जोरात येतो. जुने मच्छीमार याच हिशेबावर शीड उभारून जात आणि येत. दुपारचा वारा आत येतोय आणि ओहोटीचं पाणी बाहेर पडतंय, अशा वेळी दांड्यावर लाटा फुटतात. सहलीला गेलेली माणसं नेमकी त्याच वेळी घरी परतत असतात.

त्यामुळे खोल, पक्क्या कण्याची होडी (कोकणातले सुतार या कण्याला पठाण म्हणतात) इथे उपयोगाची नाही. वर ओढता येणारा कणा हवा. उथळ पाण्यात वर घेतला की होडी गुडघाभर पाण्यात तरंगली पाहिजे. ट्रेलरवर चढवायलाही तीच सोपी.

दुसरं माप डोलकाठीचं. शापोरावर शिवोली-चोपडे आणि कोलवाळचे पूल आहेत, तेरेखोलवर आरोंदा-किरणपाणीचा. डोलकाठी बुडाशी बिजागरी असलेली आणि दोन माणसांनी आडवी पाडता येणारी नसेल, तर सगळं फिरणं पुलाच्या एका अंगालाच राहील. नदीवरून जाणाऱ्या विजेच्या तारा त्याहून धोक्याच्या. ॲल्युमिनियमची डोलकाठी तारेला लागली तर होडीतलं कोणीही वाचेल याची खात्री नाही. होडी बघायला जायच्या आधी एकदा कॅनोतून नदी फिरून पूल आणि तारा कुठे कुठे आहेत ते वहीत लिहून आणावं. खर्च फक्त कॅनोवाल्याच्या भाड्याचा.

दोडामार्गची तिळारी साळ गावाजवळ गोव्यात शिरते आणि पुढे शापोरा होते. 2016 च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्यात तिला 25 वा क्रमांक आहे. नकाशावरची ही रेघ बघून होडी साळ-मेणकुऱ्यापर्यंत जाईल असं धरू नका. वर नदी अरुंद आणि उथळ आहे. डिचोलीकरांना मांडवी जवळची. पण सारमानस-पिळगावच्या पट्ट्यात खनिजाच्या बार्ज चालतात. भरलेली बार्ज तुमच्यासाठी थांबू शकत नाही. बाजूला व्हायचं ते तुम्हीच.

होडीला हात लावून बघताना

फायबरची होडी कुजत नाही असा समज आहे. फायबर कुजत नाही, पण बऱ्याच होड्यांच्या डेकमध्ये दोन थरांच्या मध्ये लाकूड असतं आणि ते कुजतं. अनवाणी डेकवर चालावं. पायाखाली दबलं की समजावं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठिकठिकाणी ठोकून बघावं. टणक आवाज यायला हवा. बद्द आला तर आत पाणी गेलंय. तळाला फोड दिसतात का ते बघावं, आणि ताजा रंग दिसला तर तो का मारला ते विचारावं. होडी विकायच्या आधी रंग काढणारे सगळेच लबाड नसतात, पण ताज्या रंगाखाली फोड लपतात हेही खरं.

कणा वर-खाली होणारा असेल तर तो ज्या पिनेवर फिरतो ती पिन आणि त्याला ओढणारी तार काढून दाखवायला सांगावी. कण्याच्या खोबणीत कालवं बसतात आणि ऐन वेळी कणा अडकतो. डोलकाठीला धरणाऱ्या स्टीलच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवावा. धागे अडकले तर तार तुटायला लागलीय. शिडाची शिवण नखाने घासावी. उन्हाने जळलेला दोरा लगेच तुटतो. इंजिन चालू केल्यावर मागून पाण्याची धार नीट पडते का ते बघावं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर ज्याने ते गोड्या पाण्याने धुतलं नाही, त्याने होडीचंही काही सांभाळलेलं नसतं.

काही हलक्या होड्यांमध्ये शिसं किंवा लोखंडाच्या वजनाऐवजी तळात पाण्याची टाकी असते. ट्रेलरवर नेताना ती रिकामी, नदीत उतरल्यावर भरायची. ओढायला सोय खूप, पण टाकी भरली नाही तर होडीला तोल नाही. अमेरिकेत 2002 मध्ये शॅम्प्लेन सरोवरावर अशी एक होडी उलटली. टाकी भरलेली नव्हती, माणसं जास्त होती. केबिनमध्ये असलेली दोन मुलं गेली. जुन्या होडीबरोबर तिचं माहितीपुस्तक क्वचित मिळतं, आणि टाकीची ही सूचना त्या पुस्तकातच असते. पोरंबाळं घेऊन फिरायचं असेल तर अशी होडी विकणाऱ्याकडून टाकी भरताना आणि रिकामी करताना प्रत्यक्ष बघूनच घ्यावी.

ट्रेलर आणि कागद

ट्रेलर कोणी नीट बघत नाही. खाऱ्या पाण्यात बुडणारा भाग तोच, त्यामुळे आधी गंजतो तोही तोच. चाकाचं बेअरिंग, ॲक्सल, स्प्रिंगच्या पट्ट्या बघायला मेकॅनिक न्यावा. बांद्याच्या उतारावर चाक निखळलं तर होडीचा विचार नंतर, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा आधी. मोटार वाहन कायद्यात ट्रेलरही वाहनच आहे, त्यामुळे त्याची नोंदणी वेगळी. विकणारा म्हणाला की ‘ट्रेलर होडीबरोबर फुकट’, तर त्याचे कागद नाहीत असं समजून चालावं.

होडीच्या कागदासाठी गोव्यात बंदर कप्तान खातं, सिंधुदुर्गात महाराष्ट्र सागरी मंडळ. 2021 च्या अंतर्देशीय जहाज कायद्याने एका राज्यातली नोंदणी देशभर चालते. तेरेखोलसारख्या दोन राज्यांच्या नदीला हे बरं झालं. पण नदीची नोंदणी म्हणजे समुद्राची परवानगी नव्हे. शिडाच्या होडीला इंजिन लावलं की नियम बदलतात, म्हणून इसार देण्याआधी खात्यात जाऊन त्याच होडीची चौकशी करावी. परदेशी बनावट असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री मागावं. ते नसेल तर तिचं थकलेलं शुल्क उद्या तुमच्या दारात येऊ शकतं. इंजिनाचा नंबर कागदाशी जुळवावा. फेरीच्या धक्क्यावरून होडी उतरवता येईल असंही धरू नये, तिथे नदी परिवहन खात्याची फेरी लागते.

दर ठरवताना हिशेब उलटा करावा. शिडं, तारा, टायर, इंजिन यांच्या दुरुस्तीचे अंदाज आधी लेखी घ्यावेत, त्यात विमा, जॅकेटं आणि पावसाळ्यात ठेवायची जागा धरावी, आणि ती बेरीज मागितलेल्या किमतीतून वजा करून बोली लावावी. फायबरचं काम करणारे चांगले हात गोव्यात आहेत. दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’तून एकट्याने जगप्रदक्षिणा करून 2010 मध्ये परतले, ती दिवाडी बेटावरच बांधली गेली. मात्र चांगल्या हाताची मजुरीही चांगली असते.

मे महिन्याच्या शेवटी भाव उतरतात, कारण विकणाऱ्याला पावसाळ्याआधी होडी वर काढून झाकायची असते. तेव्हा घेतली तर पैसे वाचतात, पण पाण्यात चालवून बघायला दिवस थोडेच उरतात आणि चार महिने ती तुमच्या अंगणात राहते. ऑक्टोबरात दर चढा असतो, पण भरती धरून दांड्यापर्यंत नेऊन आणता येते. इसारपावतीवर ‘पाण्यात चालवून पाहिल्यानंतरच व्यवहार पक्का’ हे वाक्य लिहायला विकणारा तयार नसेल, तर त्या दिवशी पैसे खिशातच ठेवावेत.