डीएसएलआर घ्यावा की खिशातला कॅमेरा?

पुण्यानुमोदनाच्या दिवशी भिंतीवर तसबीर लागते. हार चढतो, मेणबत्ती लागते, त्रिसरण-पंचशील होते. मग पाहुण्यांपैकी कोणीतरी हळूच विचारते, "आईचा दुसरा फोटो नव्हता का हो?" आपल्या किती घरांत हा प्रश्न विचारला गेला असेल! मतदार ओळखपत्रावरचा नखाएवढा फोटो स्टुडिओत न्यायचा, तो ओढून-ताणून मोठा करून घ्यायचा, आणि स्टुडिओवाल्याने न विचारताच गोरा करून दिलेला तो चेहरा आपली आई म्हणून भिंतीवर लावायचा. १९५६ साली धम्मदीक्षा घेतलेल्या आणि मुलांच्या शिक्षणासाठी हाडाची काडे केलेल्या त्या पिढीतील कितीतरी माणसे एकही धड फोटो मागे न ठेवता गेली.

म्हणून घरात कॅमेऱ्याची गोष्ट निघाली, की ती केवळ चैन म्हणून उडवून लावू नये. ती बहुधा बोनसच्या दिवसांत निघते. कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, डीएसएलआर घेऊ. वडील म्हणतात, खिशात मावेल असा लहान कॅमेरा बरा. आई म्हणते, मोबाईल आहे ना घरात, मग आणखी कशाला खर्च? खरे पाहता तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कोणाचे कोठवर खरे, तेवढे समजून घेतले म्हणजे पैसा वाया जात नाही.

फरक कशात आहे?

कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी आता सेन्सर असतो. प्रकाश त्याच्यावर पडतो आणि चित्र उमटते. लहान, स्वस्त कॅमेऱ्यातील सेन्सर साधारण ६ मिलिमीटर लांब व साडेचार मिलिमीटर रुंद असतो. साध्या डीएसएलआरमधील सेन्सर साधारण २२ मिलिमीटर लांब व १५ मिलिमीटर रुंद असतो. क्षेत्रफळ काढले तर तो अकरा-बारा पट मोठा भरतो. पाऊस सारखाच पडत असला, तरी वाटीपेक्षा परातीत पाणी अधिक साठते, तसेच हे आहे. उन्हात दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो चांगले येतात. खरी परीक्षा होते ती अंधारात.

दुसरा फरक भिंगाचा. डीएसएलआरचे भिंग काढून दुसरे लावता येते. लहान कॅमेऱ्याचे भिंग त्याला कायमचे जोडलेले असते. तिसरा फरक वजनाचा. साधा डीएसएलआर भिंगासह सहाशे-सातशे ग्रॅम भरतो, लहान कॅमेरा दीडशे ते तीनशे ग्रॅम. एका चार्जिंगवर डीएसएलआर पाचशे किंवा त्याहून अधिक फोटो काढतो. लहान कॅमेरा बहुधा दोनशे-तीनशेवर थांबतो.

मेगापिक्सेलच्या आकड्याला मात्र भुलू नका. अल्बममधील चार बाय सहा इंचांच्या फोटोला सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. आठ बाय बारा इंचांच्या मोठ्या फोटोलाही नऊ मेगापिक्सेल पुष्कळ झाले. आज कोणताही कॅमेरा याहून अधिकच देतो.

विहारात आणि मिरवणुकीत

आपले कार्यक्रम डोळ्यांपुढे आणा. १४ एप्रिलची मिरवणूक रात्री निघते. लेझीम खेळणारी मुले क्षणभरही स्थिर नसतात. विहारात सायंकाळची वंदना मेणबत्त्यांच्या उजेडात चालते. तेथे फ्लॅश मारला तर मूर्तीवर पांढरा डाग उमटतो, मागची माणसे काळोखात जातात आणि ध्यानाला बसलेल्यांचे चित्त विचलित होते ते वेगळेच. अशा ठिकाणी लहान सेन्सरचा कॅमेरा हात टेकतो. चेहरे पुसट होतात, नाहीतर चित्रावर रवाळ ठिपके येतात.

डीएसएलआर येथे कामाला येतो, पण नुसत्या त्याच्याबरोबर मिळणाऱ्या भिंगाने नव्हे. १८ ते ५५ मिलिमीटरचे ते भिंग पुढे ओढले, की त्याचे तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडते. त्याऐवजी ५० मिलिमीटरचे एफ १.८ चे साधे भिंग लावले, तर जवळजवळ दहा पट उजेड आत येतो. हे भिंग इतर भिंगांच्या मानाने स्वस्त आहे. डीएसएलआर घेऊन हे भिंग न घेणे म्हणजे बैल घेऊन नांगर न घेण्यासारखे आहे.

याउलट ६ डिसेंबरला दादरला जाणारे कुटुंब पाहा. कडेवर मूल, खांद्यावर पिशवी, हातात म्हाताऱ्या आईचा हात, आणि चैत्यभूमीकडे सरकणारी लांबच लांब रांग. तेथे पाऊण किलोचा कॅमेरा गळ्यात कोण सांभाळणार? तो बहुधा घरी कपाटातच राहतो. आजी नातवाला बोट दाखवून काही सांगत असते तो क्षण निघून जातो. जवळ असलेला लहान कॅमेरा कपाटातल्या मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा केव्हाही थोर. शिवाय लहान कॅमेऱ्यापुढे आपली वडीलधारी माणसे बुजत नाहीत. मोठे भिंग रोखले, की आत्याबाई पदर सावरून सरळ बसतात आणि चेहऱ्यावरचे हसू मावळते.

आईचे म्हणणेही खरे

आता मोबाईलविषयी. लहान सेन्सरचा स्वस्त कॅमेरा आजच्या बऱ्यापैकी मोबाईलपेक्षा फारसे अधिक देत नाही. भिंगाने खरोखर जवळ आणण्याची सोय तेवढी त्याच्याकडे जास्त असते. घरी चांगला मोबाईल असेल, तर असल्या कॅमेऱ्यावर बोनस घालवू नये. खिशातलाच घ्यायचा तर एक इंची म्हणतात तो मोठा सेन्सर असलेला पाहावा. तो लहान सेन्सरपेक्षा चौपट मोठा असतो. पण त्याची किंमत ऐकून बसा, उभ्याने ऐकू नका. ती साध्या डीएसएलआरइतकी, कधी त्याहूनही जास्त असते.

बाजारही बदलला आहे. कॅनन आणि निकॉन या कंपन्यांनी आपला सारा भर आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर दिला आहे. निकॉनचा डी ३५०० हा शिकाऊ मुलांचा आवडता डीएसएलआर २०२२ च्या सुमारास बंद झाला. याचा आपल्याला एक फायदा आहे. हौशी लोक जुने डीएसएलआर विकून मोकळे होत असल्याने ते कमी पैशात मिळतात. फोटो मात्र पूर्वीइतकेच चांगले येतात.

जुना घेताना

जुना कॅमेरा घेताना पाच गोष्टी पाहाव्यात. शटर किती वेळा पडले तो आकडा विचारावा. साध्या डीएसएलआरचे शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेले असते. भिंग उजेडासमोर धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी आहे का ते पाहावे. बॅटरी फुगलेली नसावी. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून काळे ठिपके येतात का ते बघावे. आणि बिलाशिवाय घेऊ नये, चोरीचा माल निघाला तर नसता ससेमिरा मागे लागतो. लहान कॅमेरा जुना घेताना भिंग दहा वेळा आत-बाहेर करून पाहावे. एकदा ते वाळूच्या कणाने अडकले, की दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला जाऊन भिडतो.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, कॅमेरा कातडी पिशवीत कोंडू नये. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा.

कर्ज काढून नको

काही तरुणांना वाटते, डीएसएलआर घेतला की लग्नाच्या ऑर्डरी येतील आणि हप्ते आपोआप फिटतील. तसे होत नाही. कॅमेऱ्यामागे कार्ड, जादा बॅटरी, फ्लॅश, दुसरे भिंग आणि संगणक असा खर्च लागतोच. आधी एखाद्या जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली सहा महिने काम करावे, कॅमेरा दिवसाच्या भाड्याने आणून हात बसवावा. मग स्वतःचा घ्यावा. मुलीला आवड असेल तर तिला अडवू नये. आपल्या मंगल परिणयांत कॅमेरा मुलांच्याच हाती का असावा?

एक युक्ती मात्र सर्वांनी शिकावी. आपल्या कार्यात शुभ्र वस्त्रे असतात. कॅमेऱ्याला एवढे पांढरे दिसले, की तो उजेड फार आहे असे समजून चित्र अंधारे करतो आणि माणसांचे सावळे चेहरे काळवंडतात. दोष आपल्या रंगाचा नसतो, यंत्राच्या हिशेबाचा असतो. अधिक-उणे खुणेचे बटण दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांत बहुधा असते. ते अधिक एकच्या जवळ न्यावे. वस्त्रे पांढरी येतात आणि चेहरे आपल्या मूळ रंगात उजळून दिसतात. मग स्टुडिओत जाऊन कोणाला गोरे करून घेण्याची गरज उरत नाही.

मग घ्यायचे काय?

घरासाठी, प्रवासासाठी, लेकराबाळांसाठी हवा असेल तर हातातला मोबाईल किंवा मोठ्या सेन्सरचा लहान कॅमेरा. रात्रीच्या मिरवणुका, विहारातील कार्यक्रम आणि शिकण्याची जिद्द असेल तर जुना डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरचे भिंग. एका घराला हे झेपत नसेल तर विहाराच्या मंडळाने वर्गणी काढून एक कॅमेरा घ्यावा, नेण्या-आणण्याची वही ठेवावी आणि महिला मंडळातील दोघींना तरी तो चालवायला शिकवावे. दहा घरांत दहा कॅमेरे धूळ खात पडण्यापेक्षा एक कॅमेरा दहा घरांत फिरलेला चांगला.

हे काम केवळ हौसेचे नाही. ७ डिसेंबर १९५६ ची बाबासाहेबांची अंत्ययात्रा आज आपण पडद्यावर पाहू शकतो, ती नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून चित्रित केली म्हणून. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे सुधारक ओलवे यांच्या छायाचित्रांनी जगापुढे आणले. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपला इतिहास दुसऱ्याने टिपावा म्हणून वाट पाहत बसलो, तर तो टिपला जाईलच असे नाही.

आणि फोटो काढून तो मोबाईलमध्ये ठेवून देऊ नये. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो बहुधा दाबून लहान केलेला असतो, आणि मोबाईल हरवला की सगळेच गेले. वर्षातून निदान पन्नास फोटो छापून घ्यावेत. प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, तारीख आणि प्रसंग लिहावा. नाव नसलेला फोटो तिसऱ्या पिढीत अनोळखी होतो.

कॅमेरा कोणता घ्यायचा हे ठरायला महिना लागेल, लागू द्या. पण येत्या रविवारी, जो असेल त्या मोबाईलने, घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा दारातल्या उजेडात एक फोटो काढा. हसताना काढा. त्या फोटोमागे त्यांचे पूर्ण नाव त्यांच्याच समोर लिहा, आणि लिहिता लिहिता विचारा, "आजी, तुझे माहेरचे नाव काय होते गं?"

जयभीम!