लॅपटॉपच्या पोटात – ७ : एचडीएमआय जाते कुठे?

मक्स स्विचचा, म्हणजे पडदा एका ग्राफिक्स चिपवरून दुसरीवर वळवणाऱ्या स्विचचा, विषय आज घ्यायचा होता, पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. धरमपेठेतल्या एका प्राध्यापिकांचा प्रश्न आला आहे आणि तो थांबवून ठेवण्यासारखा नाही. त्या लिहितात : घरी लॅपटॉप बॅटरीवर सहा तास आरामात चालतो, वर्गात प्रोजेक्टर जोडला की तीन तासांत मान टाकतो. टेबलाजवळ सॉकेट नाही. मी गेम खेळत नाही, नुसत्या स्लाइड्स दाखवते. मग असं का?

दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमधली एनव्हिडियाची 'ऑप्टिमस' रचना आठवा. पडदा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला. मोठं, म्हणजे एनव्हिडियाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड कामापुरतं जागं होतं, तयार चित्र मेमरीत टाकतं आणि झोपतं. पण ही सोय लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यापुरती. बाहेर जाणारी एचडीएमआय कुठे जोडायची ते मदरबोर्ड आखणारा ठरवतो, आणि गेमिंगच्या कित्येक लॅपटॉपमध्ये ती थेट मोठ्या कार्डाला जोडलेली असते. मोठ्या मॉनिटरवर खेळणाऱ्यांना त्याचा फायदाच होतो, कारण चित्र मेमरीत नकलावं लागत नाही. मात्र केबल खोचली की कार्डाची झोप संपली. स्लाइड हलत नसली तरी प्रोजेक्टरला सेकंदाला साठ वेळा चित्र पुरवावंच लागतं.

हिशेब मांडू. बॅटरी ४८ वॉट-तासांची आणि साध्या कामाला ८ वॉट लागतात असं धरलं, तर ६ तास मिळतात. जाग्या कार्डाने आणखी ८ वॉट ओढले की उरले ३. एप्रिलच्या नागपुरात पंखा जोरात फिरतो, त्याचा खर्च वेगळाच.

इथे 'पॉवर सेव्हिंग'ची कुठलीही सेटिंग कामी येत नाही. जोडणी बोर्डावरच कोरलेली असते.

मग करायचं काय? केबल जोडा, एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सचं पान उघडा. कोणता पडदा कोणत्या चिपला जोडला आहे, याचं चित्रच तिथे दिसतं. आता यूएसबी-सी पोर्टला अडॅप्टर लावून तेच पाहा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा पोर्ट प्रोसेसरच्या ग्राफिक्सकडे जातो. तसं निघालं, तर बाईंनी वर्गात एचडीएमआय सोडून अडॅप्टरच वापरावा.

लिनक्सवाल्यांसाठी एक सूचना. कार्ड झोपलं आहे का, हे 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवून बघू नका. त्या आज्ञेनेच ते जागं होतं. सिस-एफएसमधली 'रनटाइम स्टेटस' ही फाइल वाचा, झोपमोड होणार नाही.

सीताबर्डीत नवा लॅपटॉप घेताना रॅम आणि एसएसडीबरोबर एचडीएमआय कोणत्या चिपला जोडली आहे, हाही प्रश्न विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर तिथेच मॉनिटर जोडून ते पान उघडायला सांगा.

पुढच्या आठवड्यात मक्स नक्की. सुरुवात २००६ च्या सोनी वायो एसझेडपासून करू, कारण त्यात 'स्टॅमिना' आणि 'स्पीड' असा बोटाने सरकवायचा खटकाच होता.