कुंपणच शेत खाते तेव्हा

रक्त कमी झाले म्हटले की आपण टॉनिकची बाटली आणतो. पण एका आजारात बाटल्या रिचवून काही उपयोग नाही. त्याचे नाव अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया. जर्मनीच्या पॉल एर्लिक यांनी तो १८८८ साली प्रथम नोंदवला.

रक्त तयार होते हाडांच्या मगजात. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, रक्त गोठवणारी बिंबिका आठ-दहा दिवस. म्हणजे इथला हंगाम बारमाही, गव्हाण रिकामी राहून चालत नाही. या आजारात मगजातल्या मूळ पेशीच संपतात. अंग पांढरे पडते, हिरड्यांतून रक्त येते, ताप हटत नाही.

मूळ पेशींना मारतो कोण? बहुतेक रुग्णांत आपलेच राखणदार, पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी! हे कळले तेही आडवाटेने. पॅरिसचे डॉ. जॉर्ज माते यांनी १९७० च्या सुमारास दुसऱ्याचा मगज भरण्यापूर्वी रुग्णांच्या या पेशी सीरम देऊन दाबल्या. काही जणांत भरलेला मगज रुजला नाही, पण त्यांचा स्वतःचाच पुन्हा फुटला. लागण गेली नि खोडवा साधला म्हणा ना!

त्यावरच पुढे उपचार बसला. सर्पदंशाच्या लशीप्रमाणे घोड्याच्या रक्तातून काढलेले सीरम, जोडीला सायक्लोस्पोरीन. रुग्ण तरुण असून सख्ख्या भावंडाचा मगज जुळला, तर मगज बदलणे आधी. म्हणून आम्ही एक सांगून ठेवतो. अशा रुग्णाला मायेपोटी भावाबहिणीचे रक्त चढवू नका, रक्तपेढीतले घ्या. त्यांचे रक्त आधी गेले, तर पुढे त्यांचाच मगज शरीर नाकारण्याची भीती वाढते.