नाताळचं काम मुलाच्या हाती

डिसेंबर लागला की दुकानांतून झाडं, चांदण्या आणि केकची खोकी दिसू लागतात. ज्या घरात आई-वडील दोघंही नोकरी करतात आणि आजी वसईला किंवा गोव्याला राहिली आहे, त्या घराला ही तयार सोय मोठीच वाटते. अडचण एवढीच की तीन-चार वर्षांच्या मुलाला त्यात करायला काही उरत नाही. आजीच्या रीती कुठे लिहून ठेवलेल्या नसतात. त्या हाताखाली काम करताना शिकायच्या असतात, आणि मधल्या पिढीला तेवढी सवड मिळाली नाही. त्यामुळे आजी गेली की घरातला नाताळ बाजारातून आणावा लागतो. म्हणून तरुण पालकांना मी सांगते, मुलाला एक काम नेमून द्या, आणि दरवर्षी तेच द्या.

त्यासाठी गोठ्यासारखी दुसरी चांगली जागा नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसनं गव्हाण, चारा, बैल आणि गाढव आणून येशूजन्माचा देखावा उभा केला. साध्या माणसांना तो प्रसंग डोळ्यांनी पाहता यावा, हा हेतू. आपल्याकडच्या मुलांना यात नवखं काही नाही. दिवाळीचा किल्ला केलेल्या मुलाला दगड, माती, गोणपाट दिलं की पुढचं सांगावं लागत नाही. किल्ल्यावर अळीव पेरतात, तशी गोठ्यासाठी नाचणी पेरतात. नाचणी रात्रभर भिजवावी, डब्याच्या पसरट झाकणात माती घालून वर पसरावी आणि रोज हातानं पाणी शिंपडावं. बारा-तेरा तारखेला पेरली तर नाताळपर्यंत हिरवळ उभी राहते. पाणी शिंपडायचं काम मुलाचंच. एखाद्या दिवशी जास्त पाणी पडून निम्मी नाचणी कुजेल. कुजू द्या, उरलेली पुरते.

मूर्तींचंही तसंच. महागड्या मूर्ती आणून ‘हात लावू नकोस’ म्हणण्यापेक्षा मातीच्या किंवा कापडाच्या कराव्यात. मेंढीचा कान तुटला तर तुटला. फक्त तोंडात जातील इतक्या बारीक नकोत. बाळ येशू चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवायचा नाही. ती रिकामी गव्हाण मुलं दिवसातून दहा वेळा जाऊन बघतात. तो ठेवायचा मान घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्यावा. मध्यरात्रीच्या मिस्सेला मूल झोपून जाणार, हे धरूनच चालावं.

तीन राजे तर गोठ्यापासून दूर, कपाटावर ठेवावेत आणि मुलानं रोज त्यांना थोडं पुढे सरकवावं. ते पोहोचतात ६ जानेवारीला. (शुभवर्तमानात राजे तीन होते असं म्हटलेलं नाही, सोनं, ऊद आणि गंधरस या तीन भेटींवरून तीन धरले.) गोव्यात रेईश मागूश, चांदोर आणि कासावलीला त्या दिवशी तीन मुलं राजांचा वेश करून घोड्यांवरून निघतात. ते पाहिलेलं मूल घरातले राजे सरकवायला विसरत नाही.

फराळात मुलाचं काम म्हणजे कुलकुल. पिठाची छोटी गोळी काट्या-चमच्यातल्या काट्याच्या पाठीवर किंवा नव्या फणीवर दाबून वळायची. मुलाची वाकडीतिकडीच होणार. ती वेगळी काढून टाकू नका, सगळ्यांबरोबर तळा. तळणीपाशी मात्र मुलाला येऊ देऊ नये.

मग ताटं. शेजाऱ्यांकडे नेवऱ्या, कुलकुल, दोदोल पाठवायची ही रीत गोव्यात ‘कोन्सुआद’ म्हणून ओळखली जाते. दिवाळीच्या फराळाची देवाणघेवाण करणाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगावी लागत नाही. झाकलेलं ताट मुलाच्या हातात द्यावं आणि आपण दोन पावलं मागे राहावं. ज्या घरी वर्षभरात कुणी गेलं असेल तिथे गोडधोड करत नाहीत. पहिलं ताट तिथे न्यायचं. काय बोलायचं ते शिकवण्याची गरज नसते. मूल ‘नाताळ आला’ म्हणतं आणि ताट पुढे करतं.

सांताक्लॉजचा प्रश्न पाच-सहा वर्षांनंतर येतोच. तेव्हा मायरा गावच्या बिशप निकोलसची गोष्ट सांगावी. हा चौथ्या शतकातला. गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्यानं रात्री गुपचूप पैसे टाकले, अशी आख्यायिका आहे. गोष्ट ऐकून झाली की मुलालाच घरातल्या कुणासाठी तरी गुपचूप काही ठेवायला सांगावं. सांता खरा की खोटा, हा वाद तिथे मागे पडतो.

गोठा उतरवायचा तो राजे पोहोचल्यावर. नाचणीची माती कुंडीत जाते. मूर्ती मुलानंच वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवाव्यात, आणि खोक्यावर त्याला लिहिता येईल तसं वर्ष लिहू द्यावं. आकडे उलटे आले तरी खोडू नयेत. पुढच्या डिसेंबरात खोकं काढताना तेच ते आधी वाचेल.