दुकानातील ध्वनिमुद्रित दुआ आणि आपली 'आमीन'

धाराशिव जिल्ह्याच्या बाजारपेठांत सकाळी शटर उघडताच काही दुकानांतून तिलावत व पाठोपाठ बरकतीची दुआ ऐकू येते. पूर्वी कॅसेट होती, आता मोबाईल आहे. मालक गल्ला उघडतो, कारागीर हत्यारे मांडतो आणि सवयीने 'आमीन' म्हणतो. ही आमीन योग्य आहे काय?

आमीन म्हणजे 'हे अल्लाह, कबूल कर'. सूरह यूनुसमध्ये दुआ हजरत मूसा (अ.) यांची आहे, पण 'तुम्हा दोघांची दुआ कबूल झाली' असा जबाब मिळाला. भाष्यकार सांगतात, हजरत हारून (अ.) आमीन म्हणत होते. म्हणजे आमीन म्हणणारा दुआत भागीदार होय.

परंतु यंत्र दुआ मागत नाही. त्याला नियत नसते. प्रतिध्वनी किंवा पोपटाच्या तोंडून सजद्याची आयत ऐकल्यास सजदा वाजिब होत नाही, असे हनफी फिकहमध्ये आहे. याच आधारे अनेक उलमा ध्वनिमुद्रित तिलावतीवर सजदा व ध्वनिमुद्रित अजानला जबाब आवश्यक मानत नाहीत. थेट प्रक्षेपणात माणूस त्या क्षणी दुआ मागत असतो. ती बाब वेगळी.

मग आमीन म्हणूच नये काय? तसे नाही. आमीन ही स्वतःच एक विनंती आहे. मनापासून म्हटल्यास हरकत नाही, असे अनेक उलमांचे मत आहे. मात्र ती बंधनकारक समजू नये. त्याहून उत्तम हे की, दोन मिनिटे हात उचलून आपल्याच भाषेत मागावे. गाफील दिलाची दुआ कबूल होत नाही, अशी हदीस तिर्मिजीत आहे. तिलावत चालू असताना शांतपणे ऐकावे, असा सूरह आराफचा आदेश आहे. म्हणून गिऱ्हाईक आले की मोबाईल बंद करावा. तिलावत आणि घासाघीस एकत्र नको.

जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले, पण येथील शेळी आजही 'उस्मानाबादी' म्हणूनच ओळखली जाते. ती विकताना आजार लपवायचा, वय कमी सांगायचे आणि बरकतीच्या दुआवर आमीन म्हणायचे, हे कसे जमेल? खरे बोलून दोष उघड करणाऱ्यांच्या सौद्यात बरकत होते व लपवणाऱ्यांची बरकत मिटते, असे बुखारीतील हदीस सांगते.

बांधवांनो, दुआ यंत्रावर ऐकता येईल, पण मागावी आपल्यालाच लागेल. आणि तिच्यावरची खरी आमीन आपला तराजू म्हणतो.