मोसंबीच्या देठातला जिवाणू कसा वाचतात

पैठण, बदनापूर, जालना या पट्ट्यात मोसंबीची बाग लावणे म्हणजे कुटुंबाने बरीच वर्षे अंगावर घेतलेले काम. अशा बागेत एखाद्या झाडाच्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन बाजूंना वेगवेगळे पिवळे-हिरवे चट्टे दिसू लागले, फळे वाकडी होऊ लागली आणि शेंडे वाळू लागले, तर ग्रीनिंगची शंका घ्यावी. हा रोग लिबेरिबॅक्टर एशियाटिकस नावाच्या जिवाणूमुळे होतो. पानात तयार झालेली साखर झाडभर नेणाऱ्या बारीक नळ्यांत, म्हणजे अन्नवाहिन्यांत, तो राहतो. सिट्रस सायला हा तीन-चार मिलिमीटरचा रसशोषक कीटक त्याला झाडावरून झाडावर नेतो. सायलाचे हे काम कपूर, राव आणि विश्वनाथ या शास्त्रज्ञांनी पुण्यातल्या संशोधनातून १९६७ साली जगापुढे मांडले.

या जिवाणूचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या डीएनएतील सगळा मजकूर, कसा वाचतात ते आता टप्प्याटप्प्याने पाहू. मुख्य अडचण सुरुवातीलाच सांगतो. हा जिवाणू प्रयोगशाळेतल्या ताटलीत एकटा वाढवून मिळत नाही. त्यामुळे तो झाडासकट किंवा कीटकासकटच वाचावा लागतो.

पहिला टप्पा बागेतला, आणि माझ्या मते सर्वांत निर्णायक. जिवाणू झाडात सारखा पसरलेला नसतो. एका फांदीत भरपूर, तर शेजारच्या फांदीत जवळजवळ नाहीच, असे होते. म्हणून चारही बाजूंच्या फांद्यांवरची चट्टे असलेली जून पाने आपण घ्यावीत. उपयोगाचे असतात ते देठ आणि मधली शीर, कारण अन्नवाहिन्या तिथे दाट असतात. इथे फसगत होते ती जस्ताच्या कमतरतेमुळे. त्यातही पान पिवळे पडते, पण शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखेच. ग्रीनिंगचे चट्टे दोन बाजूंना जुळत नाहीत. कडक उन्हाळ्यात जिवाणूचे प्रमाण घटते, त्यामुळे नमुन्यासाठी थंडीचे दिवस बरे.

पाने ओली करून पिशवीत कोंबू नयेत. ती कुजतात आणि डीएनए तुटतो. कोरड्या कागदात गुंडाळून, बर्फाच्या पेटीत, झाडाचा क्रमांक आणि तारीख लिहून पाठवावीत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. सायला गोळा केले असतील तर ते अल्कोहोलमध्ये ठेवतात, आणि अल्कोहोल लागले की पेनची शाई पुसली जाते. असे बेनामी नमुने कितीही चांगले असले तरी वाया जातात, याचे फार वाईट वाटते.

कीटक नक्की सायलाच आहे ना, याचीही खात्री करता येते. त्यासाठी त्याच्या एका ठराविक जनुकाचा छोटा भाग वाचून प्रजाती ओळखतात. याला डीएनए बारकोडिंग म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात या कामासाठी पॉल हेबर्ट केंद्र आहे.

प्रयोगशाळेत देठ कुटून डीएनए वेगळा करतात. लिंबूवर्गीय पानांतले चिकट आणि तुरट पदार्थ डीएनएबरोबर उतरले तर पुढच्या रासायनिक क्रिया अडतात, म्हणून धुण्याच्या पायऱ्या गाळू नयेत. मग पीसीआर, म्हणजे डीएनएचा नेमका एक तुकडा लाखोपट वाढवण्याची चाचणी, करून जिवाणू आहे का आणि अंदाजे किती आहे ते पाहतात. सोबत नुसत्या पाण्याची नळीही चालवतात. त्या पाण्यातही जिवाणू 'सापडला', तर समजावे की संसर्ग बागेतून आलेला नाही, टेबलावरच झाला आहे.

आता खरी झटापट सुरू होते. मोसंबीचा जनुकसंच सुमारे ३७ कोटी अक्षरांचा, तर जिवाणूचा जेमतेम १२.३ लाख अक्षरांचा. एका पेशीमागे एक जिवाणू धरला तरी वाचलेल्या मजकुरात तीनशेपटींहून जास्त भाग मोसंबीचाच येतो. म्हणून जिवाणूचे प्रमाण सर्वांत जास्त असलेला नमुनाच पुढे पाठवतात. २००९ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. फ्लोरिडातल्या एकाच बाधित सायलातील डीएनए वाढवून त्यांनी या जिवाणूचा पहिला पूर्ण जनुकसंच वाचला. त्याआधी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, फ्रान्समधील बोर्दोच्या प्रयोगशाळेने या जिवाणूच्या डीएनएचे काही तुकडे वेगळे केले होते. तो जिवाणू पुण्याच्या वाणाचा होता आणि सदाफुलीच्या झाडात वाढवला होता. महाराष्ट्रातल्या बागांचा या शास्त्रातला वाटा असा जुना आहे.

यंत्र डीएनए सलग वाचत नाही. काही यंत्रे दीडशे अक्षरांचे अचूक तुकडे देतात, काही हजारो अक्षरांचे पण जरा चुकांचे. आधी मोसंबीशी जुळणारे तुकडे संगणकाने बाजूला काढतात, मग उरलेल्यांची टोके जिथे एकमेकांवर येतात तिथे ते जोडत जातात. जिवाणूच्या डीएनएत घुसून बसलेल्या विषाणूंचे भाग एकमेकांसारखे असतात. तिथे छोटे तुकडे हमखास चुकीचे जुळतात आणि लांब तुकड्यांचीच मदत होते. नमुना सायलाचा असेल तर आणखी जपावे लागते. त्याच्या पोटात वोल्बाकिया, कार्सोनेला, प्रॉफ्टेला असे त्याचे स्वतःचे सोबती जिवाणूही असतात. त्यांचा मजकूर मिसळला तर कागदावर अस्तित्वातच नसलेला जिवाणू तयार होतो. जुळणी पुरी झाली की साखळीची दोन टोके मिळून वर्तुळ बनले पाहिजे.

शेवटी जनुके ओळखतात. २००९च्या वाचनात ती अकराशेच्या आसपास निघाली. त्यातले एक फार बोलके आहे: आश्रयदात्याच्या पेशीतली तयार ऊर्जा आत ओढून घेणारे. ताटलीत हा जिवाणू एकटा का वाढत नाही, याचा एक धागा इथे हाती लागतो.

या मजकुरातूनच पीसीआरसाठी नेमके भाग निवडतात, आणि आपला संबंध येतो तो इथे. बाधित झाड बरे करणारा खात्रीचा इलाज नाही, आणि रोग सायलाबरोबरच बाधित झाडाच्या डोळ्यांतूनही पसरतो. तेव्हा कलमे घेताना रोपवाटिकेला दोन गोष्टी विचाराव्यात: डोळे ज्या मातृवृक्षावरून काढले त्याची ग्रीनिंगसाठी पीसीआर चाचणी झाली आहे का, आणि झाली असल्यास कोणत्या महिन्यात. चाचणी ऐन मे महिन्यातली असेल, तर ती थंडीत पुन्हा करून घ्यायला सांगावे.