कोंड्याबरोबर गेलेले सत्त्व

शुभ्र रंगाचे माणसाला उपजतच आकर्षण आहे. पाहुणा घरी आला की रोजचा उकडा तांदूळ बाजूला ठेवून पांढरा सुरय तांदूळ शिजवावयाचा, ही रीत गोव्यातील कित्येक घरांत आहे. पाहुणचारासाठी एखाद्या दिवशी असे केले तर त्यात वावगे काही नाही. परंतु हळूहळू पाहुण्याचा तांदूळ रोजचा झाला, आणि तांबूस, जाडा दाणा म्हणजे गरिबीची खूण असे मुलांनाही वाटू लागले. या समजुतीपायी गेल्या शतकापूर्वी हजारो माणसांनी प्राण गमावले आहेत. ती हकीकत, वाचकहो, ज्या घरात मुले वाढत आहेत त्या प्रत्येक घराने जाणून घ्यावी अशी आहे.

भाताच्या दाण्यावर प्रथम तूस असते. तूस काढले की आत तांबूस पापुद्र्याने वेढलेला तांदूळ दिसतो. हा पापुद्रा म्हणजेच कोंडा. आणि दाण्याच्या एका टोकाला असतो तो अंकुर. दाण्यातील जीवनसत्त्वे, स्निग्धांश व क्षार यांचा मोठा वाटा या दोहोंत साठविलेला असतो. आतला पांढरा भाग हा बहुतेक पिष्टच. उखळात मुसळाने भात कांडले तर थोडाफार कोंडा दाण्याला चिकटून राहतो. म्हणूनच हातसडीचा तांदूळ अगदी पांढरा कधी नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आशिया खंडात वाफेच्या गिरण्या पसरल्या. त्यांनी कोंडा आणि अंकुर दोन्ही साफ घासून काढले. तांदूळ मोत्यासारखा शुभ्र झाला, साठवणीत अधिक टिकू लागला, आणि लोकांना ती प्रगती वाटली.

त्याच सुमारास बेरीबेरी नावाच्या रोगाने अनेक देशांत कहर मांडला. या रोगात पाय बधिर व दुबळे होतात, काहींच्या अंगाला सूज येते, दम लागतो, आणि शेवटी हृदय थकून रोगी दगावतो. आईच्या आहारात उणेपणा असेल तर अंगावर पिणारे दोन-तीन महिन्यांचे मूलही एकाएकी बळी पडते. जावा बेटावर डच सरकारने या रोगाच्या शोधासाठी १८८६ मध्ये डॉक्टरांचे एक मंडळ धाडले. तो काळ जंतुशास्त्राच्या नव्या विजयांचा होता. तेव्हा याही रोगाचा जंतू सापडेल अशीच सर्वांची खात्री होती.

त्या मंडळातील ख्रिस्तियान आइकमान हे तरुण डॉक्टर पुढे बटाव्हिया येथील प्रयोगशाळेत राहिले. तेथील कोंबड्यांना एकदा बेरीबेरीसारखाच विकार जडला. त्यांचे पाय लुळे पडले. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करता असे आढळले की, मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातील उरलासुरला पांढरा भात घातला जात होता. पुढे नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, असे म्हणून त्याने तो देण्याचे नाकारले. साधा, असडी तांदूळ मिळू लागताच कोंबड्या चालू-फिरू लागल्या!

कोंबड्यांचे माणसाला लागू पडते काय, हे पाहावयाचे होते. जावामधील तुरुंगांचे आरोग्याधिकारी व्होर्डरमान यांनी सुमारे १०० तुरुंगांतील जवळजवळ २ लाख ८० हजार कैद्यांची पाहणी केली. ज्या तुरुंगांत पांढरा तांदूळ शिजत होता तेथे दर ३९ कैद्यांमागे एकास बेरीबेरी झालेली आढळली. ज्या ठिकाणी असडी तांदूळ मिळे तेथे हे प्रमाण सुमारे १० हजारांत एक एवढेच होते. गुन्हेगार तेच, देश तोच, हवाही तीच. फरक होता तो केवळ ताटातील दाण्याचा.

तरीसुद्धा पांढऱ्या भातात काही विष असावे आणि कोंडा त्यावर उतारा असावा, असेच आइकमान यांना वाटत होते. त्यांचे सहकारी गेरित ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये खरी गोष्ट सांगितली: भातात विष नाही, शरीराला अत्यावश्यक असे काहीतरी कोंड्याबरोबर निघून गेले आहे. रोग हा बाहेरून आलेल्या शत्रूमुळेच होतो असे नाही, तर अन्नातील उणिवेमुळेही होतो, हा विचार त्या काळी अगदी नवा होता. १९१२ मध्ये काझिमिर फुंक यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन’ हे नाव दिले. बेरीबेरीस आवर घालणारे द्रव्य म्हणजे आजचे ब-१ जीवनसत्त्व, थायमिन. आइकमान यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपल्या उकड्या तांदळाकडे वळू. मलायात चिनी मजूर बेरीबेरीने मरत होते, आणि त्यांच्या शेजारी राहणारे तामिळ मजूर मात्र बहुतांशी निरोगी होते. दोघेही भातच खात. ब्रॅडन नावाच्या इंग्रज डॉक्टराने १९०७ मध्ये यातील मर्म दाखविले. चिनी मजुरांचा तांदूळ कच्चा सडलेला व पांढरा असे. तामिळ मजुरांचा उकडा असे. भात तुसासकट भिजवून उकडले म्हणजे कोंड्यातील जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्याच्या आत शिरतो. मग ते वाळवून सडले तरी तो अंश आतच राहतो. आपल्या आज्या-पणज्यांना थायमिन हे नाव ठाऊक नव्हते. पण भात उकडून वाळविण्याचा त्यांचा परिपाठ मुलाबाळांचे रक्षण करीत होता.

आपल्या देशातही या प्रश्नाचा अभ्यास झाला. निलगिरीतील कुन्नूर येथे १९१८ मध्ये बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक लहानसे पथक नेमण्यात आले. तीच संस्था वाढत जाऊन १९५८ मध्ये हैदराबादेस आली, आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. तिच्या २०१७ च्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम पांढऱ्या कच्च्या तांदळात थायमिन सुमारे ०.०५ मिलिग्रॅम असते, उकड्यात सुमारे ०.१७, आणि असडी तांदळात सुमारे ०.२७. हे द्रव्य पाण्यात विरघळते. म्हणून तांदूळ चोळचोळून धुणे आणि शिजल्यावर पाणी ओतून टाकणे म्हणजे उरलेसुरले सत्त्वही मोरीत घालविणे होय. या दृष्टीने उकड्या तांदळाची पेज हे किती शहाणपणाचे अन्न आहे ते पाहा! तिच्यातले पाणी वाया जात नाही; ते आपण दाण्यासकट पितो.

आज आपल्याकडे बेरीबेरी क्वचितच आढळते, कारण ताटात डाळ, मासळी, भाजी असे पदार्थ असतात. परंतु कोंडा काढणारी ती गिरणी आता बिस्किटे, नूडल्स, गोड पेये व चिप्स यांच्या कारखान्यांत पोहोचली आहे. तेथे धान्यातून काढून घेण्याबरोबरच साखर, मीठ, तेल, रंग व स्वाद यांची भरही घातली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २० प्रौढ माणसांवर एक प्रयोग केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन आठवडे कारखानी अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न, असा तो क्रम होता. दोन्ही वेळी वाढलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, मीठ व तंतू यांचे माप सारखेच ठेविले होते. पोटभर खाण्याची मोकळीकही होती. कारखानी अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली आणि त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले. साध्या अन्नावर ते तेवढेच उतरले.

आपल्या गोव्याला तर हा विषय दूरचा मुळीच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत प्रौढांतील मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक होते. याचे कारण एकच नाही. वय, बैठे जीवन, वंशपरंपरा यांचाही त्यात भाग आहे. आणि हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की उकडा तांदूळ हे मधुमेहाचे औषध नव्हे. तोही भातच आहे. मधुमेह्याने त्याचे प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे. ताटात भाताचा ढीग घालून शेजारी चमचाभर भाजी वाढण्याची सवय आपण सर्वांनीच मोडली पाहिजे. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही तृणधान्यांचा वाटा कमी करून डाळी व भाज्या वाढविण्याचाच उपदेश आहे.

मग घरोघरी काय करावे? जे हाताशी आहे तेच पुन्हा ताटात आणावे. सकाळी अकराची पेज आणि तिच्याबरोबर डाळ किंवा मासळी. मुलांना नाचणीचे तिझान. पावसाळ्यात कुळथाचे कढण. बेळगावकडील घरांनी ज्वारीच्या भाकरीची लाज धरू नये. पोई घेताना तिच्यात गव्हाचे पीठ किती आणि मैदा किती, हे पोदेराला आपुलकीने विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की विकणाराही लक्ष देतो. लदाईनीनंतर उकडलेले चणे खोबऱ्याच्या कातळ्यांसह वाटण्याची आपली जुनी चाल आहे. तिच्या जागी पुड्यांतील तळीव पदार्थ येऊ देऊ नयेत. हे सारे स्वस्त आहे, आणि अजून तरी गावात मिळते.

मात्र यांतील काहीच मुलांवर सक्तीने लादू नये. आईबाप ज्या आनंदाने पेज पितील त्याच आनंदाने मूल ती पिईल. आणि आईबापच तिला गरिबाचे खाणे म्हणू लागले, तर कोणत्याही शास्त्रज्ञाचा दाखला त्या मुलास पटणार नाही. ‘कोंड्याचा मांडा करून खावा’ असे आपले वाडवडील काटकसरीपोटी म्हणत. त्याच कोंड्यात मुलांचे बळ साठविलेले आहे हे आता आपणांस कळले आहे. तेव्हा पुढच्या वेळी बाजारात तांदूळ घेताना दाण्याचा रंग पाहून नव्हे, तर घरातील लेकरांकडे पाहून निवड करावी, एवढीच वाचकांस विनंती.